विश्लेषण : सीझर मेला, तरी प्रजासत्ताक का वाचले नाही?

सव्वाचारशे वर्षांपूर्वीचे ‘ज्युलिअस सीझर’ हे नाटक आजच्या सत्तासंघर्षाबद्दल काय सांगते?

पक्ष फुटला, नेत्याचे विश्वासू सहकारी दुसऱ्या गोटात गेले की महाराष्ट्राच्या राजकारणात दोन शब्दप्रयोग हमखास कानावर येतात. एक ‘निष्ठा’ आणि दुसरा ‘पाठीत खंजीर’. इंग्रजीभाषक जगात अशा वेळी ‘ब्रूटस’ हे एक नाव पुरते. विल्यम शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ या शोकांतिकेतील सीझरचा हा मित्र विश्वासघाताचे दुसरे नाव होऊन बसला आहे. आयसीएसई मंडळाच्या दहावीच्या अभ्यासक्रमात अलीकडच्या वर्षांत हे नाटक असल्याने ते महाराष्ट्रातील अनेक घरांतही वाचले जाते. ब्रूटसने खंजीर चालवला तो मात्र भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शिवाय सीझरची हत्या नाटकाच्या मध्यावरच, तिसऱ्या अंकात होऊन जाते. उरलेले निम्मे नाटक एकाच प्रश्नाभोवती फिरते : एका माणसाच्या हाती सगळी सत्ता एकवटली म्हणून त्याला दूर केले, तर ती सत्ता जाते कुठे?

नाटकामागचा इतिहास काय?

रोमनांच्या परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या राजाला हाकलून रोम प्रजासत्ताक झाले. ‘राजा’ हा शब्दच तेथे शिवीसारखा मानला जाई. सर्वोच्च पदावर एका वेळी दोन कॉन्सल, तेही फक्त एका वर्षासाठी निवडायचे, अशी व्यवस्था होती. कोणाही एकाच्या हाती फार काळ सत्ता राहू नये, हा तिचा हेतू होता. राजेशाही उलथवणाऱ्यांचा म्होरक्या होता ल्युशियस ज्युनियस ब्रूटस. नाटकातील ब्रूटस त्याच घराण्याचा वारस मानला जातो.

इ.स.पू. ४९ मध्ये सीझर सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत उतरला आणि यादवी युद्ध पेटले. पुढच्या वर्षी फार्सेलसच्या लढाईत त्याने पॉम्पीचा पराभव केला. त्या लढाईत ब्रूटस पॉम्पीच्या बाजूने होता. सीझरने त्याला माफ केले आणि पुढे मोठी पदेही दिली. कॅशियसलाही अशीच माफी मिळाली होती. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझर तहहयात ‘डिक्टेटर’ झाला आणि त्याच वर्षी १५ मार्चला सिनेटच्या बैठकीत त्याची हत्या झाली. प्राचीन नोंदींनुसार कटात साठहून अधिक जण होते आणि सीझरच्या अंगावर २३ वार झाले.

म्हणजे मारेकऱ्यांतील प्रमुख लोक सीझरच्या कृपेनेच जिवंत आणि पदावर होते. ज्याने जीव वाचवला त्याच्याशी इमान राखायचे, की त्याने मोडीत काढलेल्या व्यवस्थेशी, हा पेच त्यांच्यासमोर खरोखरच होता.

शेक्सपिअरने १५९९ मध्येच हा विषय का निवडला?

हे नाटक लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सप्टेंबर १५९९ मध्ये पाहिल्याची नोंद थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने केली आहे. कथानकासाठी शेक्सपिअरने प्लुटार्कच्या चरित्रग्रंथाचा १५७९ चा इंग्रजी अनुवाद वापरला. त्या वेळी राणी पहिली एलिझाबेथ साठी ओलांडून गेली होती. तिला अपत्य नव्हते आणि तिने वारसही जाहीर केला नव्हता. वारसाची उघड चर्चा करणे धोक्याचे होते, मात्र ‘राणीनंतर कोण?’ हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता.

ही भीती निराधार नव्हती. राणीचा एके काळचा लाडका सरदार अर्ल ऑफ एसेक्स याने फेब्रुवारी १६०१ मध्ये बंड केले. बंडाच्या आदल्या दिवशी त्याच्या समर्थकांनी पैसे मोजून ग्लोबमध्ये शेक्सपिअरचेच ‘रिचर्ड दुसरा’ हे राजाच्या पदच्युतीचे नाटक लावून घेतले होते. बंड काही तासांत फसले आणि त्याच महिन्यात एसेक्सचा शिरच्छेद झाला. इंग्लंडच्या सत्तेवर थेट बोलता येत नसताना रोम ही सोयीची जागा होती.

ब्रूटस कटात कसा ओढला गेला?

कटाची सुरुवात कॅशियस करतो. सीझरबद्दलची त्याची तक्रार बरीचशी वैयक्तिक आहे. आपण एकदा टायबर नदीत बुडणाऱ्या सीझरला वाचवले, तापाने थरथरताना पाहिले, आणि आज तोच देव होऊन बसला आहे, ही त्याची सल आहे. मात्र नुसत्या असूयेवर उभा राहिलेला कट लोक स्वीकारणार नाहीत, हे तो ओळखून आहे. त्यासाठी सचोटीचा लौकिक असलेला माणूस हवा आणि तो म्हणजे ब्रूटस. मग वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू निरनिराळ्या नागरिकांनी लिहिल्या आहेत अशा चिठ्ठ्या ब्रूटसच्या घरात पोहोचवल्या जातात. बनावट खात्यांवरून ‘जनभावना’ तयार करण्याच्या आजच्या पद्धतीशी याचे साम्य चटकन जाणवते.

तरी ब्रूटस केवळ फसवला गेलेला भोळा माणूस ठरत नाही. चिठ्ठी हाती पडण्यापूर्वीच, मध्यरात्री बागेत एकटा असताना, त्याने मनाशी निर्णय घेतलेला असतो. सीझरविरुद्ध आपली वैयक्तिक तक्रार नाही आणि भावनेच्या भरात तो अविचाराने वागल्याचेही आपण पाहिलेले नाही, हे तो स्वतःशी कबूल करतो. मग मारायचे कशासाठी? तर मुकुट मिळाल्यावर त्याचा स्वभाव बदलू शकतो, म्हणून. सापाला अंड्यातच ठेचावे, असा त्याचा तर्क आहे. शिक्षा होते ती भविष्यातील, अजून न घडलेल्या गुन्ह्याची.

धोका खोटा होता, असे मात्र नाटक म्हणत नाही. पहिल्याच प्रवेशात फ्लेव्हियस आणि मॅरुलस हे दोन ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचे अधिकृत प्रतिनिधी, सीझरच्या विजयोत्सवात दंग झालेल्या कामगारांना झापतात आणि त्याच्या पुतळ्यांवरील सजावट काढायला निघतात. पुढच्या प्रवेशात, बोलण्याच्या ओघात, कास्का एक बातमी सांगून जातो : त्या दोघांना गप्प करण्यात आले आहे. चौकशी किंवा सुनावणी झाल्याचा कोठे उल्लेख नाही आणि कोणी निषेध केल्याचाही नाही. सिनेटही त्यावर काही बोलताना दिसत नाही.

सीझरला कायदेशीर मार्गाने अडवू शकणारी यंत्रणा अशा रीतीने आधीच निकामी झालेली असते. मग उरतात दोनच पर्याय, त्याच्यापुढे झुकणे किंवा त्याला मारणे.

कट यशस्वी होऊनही फसला कुठे?

कटाची पहिली बैठक आजच्या कोणत्याही राजकीय गटाला ओळखीची वाटावी. अँटनीलाही संपवावे, असे कॅशियसचे मत असते. ब्रूटस म्हणतो, नको. आपण खाटीक ठरू. ज्येष्ठ नेता सिसेरोला बरोबर घ्यावे, अशी सूचना येते. ब्रूटस तीही मोडीत काढतो, कारण दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात सिसेरो कधी मागे चालणार नाही. एकमेकांना शपथ द्यावी, हा प्रस्तावही त्याला पटत नाही. खऱ्या रोमनाला शपथ कशाला लागते, असा त्याचा सवाल असतो. प्रत्येक वेळी कॅशियस माघार घेतो. ब्रूटसचे नाव वापरण्यासाठी त्याला आणले, तेच नाव आता मोडवत नाही.

हत्येनंतर सगळ्यात मोठी चूक होते. अंत्यविधीच्या वेळी लोकांसमोर बोलण्याची परवानगी अँटनी मागतो आणि ब्रूटस ती देतो. कॅशियस त्याला बाजूला घेऊन इशारा देतो, पण ब्रूटसला खात्री असते की आधी आपण कारणे सांगितली की लोकांना ती पटतील. पुढे युद्धातही तेच घडते. शत्रूला चालत येऊ द्यावे, दमू द्यावे, असे अनुभवी कॅशियसचे म्हणणे असते. ब्रूटस फिलिपीकडे कूच करण्याचा आग्रह धरतो आणि त्याचेच खरे होते.

मात्र या सगळ्या चुकांच्या मुळाशी एक मोठी उणीव आहे. हत्या कुठे, कधी, कशी करायची याचा तपशील कटवाल्यांनी ठरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार कोण चालवणार, सैन्य कोणाचे ऐकणार, निवडणुका कधी, यावर नाटकात एक शब्दही नाही. सीझर गेला की प्रजासत्ताक आपोआप परत येईल, असे त्यांनी गृहीत धरले होते.

अँटनीने काही मिनिटांत लोकमत कसे फिरवले?

चौकातील दोन भाषणे हा नाटकाचा सर्वाधिक अभ्यासला जाणारा भाग आहे. ब्रूटस गद्यात, नेमके आणि तर्काने बोलतो. सीझरवर प्रेम होते, पण रोमवर अधिक होते, हा त्याचा मुद्दा. लोकांना तो पटतो. मग गर्दीतून आवाज येतो की ब्रूटसचा पुतळा उभारा, त्यालाच सीझर करा, मुकुट त्याच्या डोक्यावर चढवा. एकाच माणसाचे राज्य नको म्हणून ज्याने मित्राला मारले, त्यालाच लोक राजा करायला निघाले आहेत. ब्रूटसचा उद्देश लोकांपर्यंत पोहोचलेला नाही, हे या ओरडण्यातून कळते. ब्रूटसला ते ऐकू येते की नाही, नाटक सांगत नाही. तो त्यांना अँटनीचे ऐकायला सांगून एकटा निघून जातो.

अँटनी वाद घालत नाही. ब्रूटस आणि मंडळींना सन्माननीय म्हणत राहतो. इतक्या वेळा म्हणतो, की त्या शब्दाचा अर्थच उलटतो. मग तो मृत्युपत्र काढतो, पण वाचत नाही. लोकांची उत्सुकता ताणली की तो सीझरचा रक्ताळलेला झगा दाखवतो. हे छिद्र कॅशियसच्या खंजिराचे, हे कास्काचे, हे ब्रूटसचे, असे बोट ठेवून सांगतो. हत्येच्या वेळी अँटनीला मुद्दाम बाहेर नेण्यात आले होते, त्याने एकही वार पाहिलेला नाही. हे प्रेक्षकांना ठाऊक असते, गर्दीला नसते.

जमाव जाळपोळीला निघतो तेव्हा अँटनीच आठवण करून देतो की मृत्युपत्र ऐकायचे राहिले. सीझरने प्रत्येक नागरिकाला ७५ ड्राक्मा आणि टायबरकाठच्या आपल्या खासगी बागा लोकांसाठी ठेवल्या आहेत, हे ऐकल्यावर गर्दी आवरत नाही.

लगेचच्या छोट्या प्रवेशात जमावाला सिना नावाचा कवी भेटतो. कटातील एकाचे नावही सिना असते. मी तो नव्हे, मी कवी, असे तो सांगतो. मग वाईट कविता लिहितोस म्हणून मार, असे म्हणत लोक त्याच्यावर तुटून पडतात. नाटकात इतका भीषण आणि इतका थोडक्यात आटोपलेला प्रसंग दुसरा नाही.

मृत्युपत्राचे पुढे काय झाले?

चौथ्या अंकाची सुरुवात अवघ्या काही ओळींच्या प्रवेशाने होते आणि नाटकाचा राजकीय अर्थ तेथे उघड होतो. अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस हे नवे तीन सत्ताधीश टेबलाशी बसून कोणाला मारायचे याची यादी करत आहेत. लेपिडसचा सख्खा भाऊ यादीत जातो. त्याची संमती असते, पण अट एकच, की अँटनीच्या बहिणीचा मुलगाही मेला पाहिजे. अँटनी तत्काळ त्या नावावर खूण करतो. मित्राच्या प्रेतावर रडणारा माणूस आता भाच्याचा सौदा करतो आहे.

त्यानंतर अँटनी लेपिडसला सीझरच्या घरी पाठवतो ते मृत्युपत्र आणायला. त्यात लोकांसाठी ठेवलेल्या रकमांत काटछाट कशी करता येईल, हे त्याला पाहायचे असते. ज्या कागदाच्या जोरावर लोक रस्त्यावर उतरले, त्याची अशी वासलात लागते. लोकांना हे कळल्याचे नाटकात कोठे दिसत नाही. त्या चौकातील गर्दी पुन्हा रंगमंचावर येतच नाही.

लेपिडस बाहेर जाताच अँटनी त्याच्याबद्दल बोलू लागतो. हा ओझे वाहण्यापुरता, काम झाले की गाढवासारखा मोकळा सोडायचा. सत्तेत येऊन फार काळ लोटलेला नाही, तोच युतीतील तिसऱ्या भागीदाराचा हिशेब सुरू झाला आहे. पाचव्या अंकात रणांगणावर कोणी कोणत्या बाजूने चढाई करायची यावरून तरुण ऑक्टेव्हियस अँटनीचा हुकूम सरळ धुडकावतो. पुढच्या यादवीची चाहूल एवढ्यानेच लागते.

प्रत्यक्ष इतिहासातही या तिघांच्या यादीने रोम हादरले. इ.स.पू. ४३ च्या डिसेंबरमध्ये सिसेरोचा बळी गेला तो याच यादीमुळे.

तत्त्वनिष्ठ ब्रूटसचे हात स्वच्छ राहिले का?

सार्डिसच्या छावणीत ब्रूटस आणि कॅशियस यांच्यात जे भांडण होते, ते अनेक समीक्षकांना नाटकातील सर्वोत्तम दृश्य वाटते. लाच घेतल्याबद्दल ब्रूटसने एका माणसाला शिक्षा केली आणि कॅशियसने त्याची बाजू घेतली, हे निमित्त. ब्रूटस संतापून विचारतो की लुटारूंना पाठीशी घातले म्हणून आपण सीझरला मारले ना, मग आता आपणच तेच करायचे का? प्रश्न बिनतोड आहे. पण पुढच्याच दमात त्याची दुसरी तक्रार येते. सैन्याच्या पगारासाठी मी तुझ्याकडे सोने मागितले, ते तू दिले नाहीस. वाईट मार्गाने पैसा उभारणे मला जमत नाही, असेही तो वर सांगतो.

म्हणजे ब्रूटसला तो पैसा हवा आहे, फक्त तो गोळा करण्याचे काम दुसऱ्याने करायचे आहे. तत्त्वासाठी उभ्या राहिलेल्या चळवळी सत्तेच्या किंवा युद्धाच्या खर्चात उतरल्या की हा पेच त्यांच्या वाट्याला येतोच. शेक्सपिअर ब्रूटसची टिंगल करत नाही. त्याच प्रवेशात पत्नी पोर्शियाच्या मृत्यूचे दुःख त्याने किती मुकाट्याने गिळले आहे, हे समजते आणि कॅशियसही वरमतो.

इतिहासातील एक वस्तू हीच विसंगती दाखवते. हत्येनंतर ब्रूटसने सैन्यासाठी पाडलेल्या एका प्रसिद्ध नाण्यावर एका बाजूला दोन खंजीर आणि मधोमध स्वातंत्र्याची टोपी आहे. दुसऱ्या बाजूला आहे खुद्द ब्रूटसचा चेहरा. जिवंत नेत्याचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणण्याचा पायंडा सीझरने अवघ्या काही वर्षांपूर्वी पाडला होता.

इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपी येथे ब्रूटस आणि कॅशियस दोघेही संपले. पुढे ऑक्टेव्हियसने लेपिडसला बाजूला सारले, अँटनीचा पराभव केला आणि इ.स.पू. २७ मध्ये ‘ऑगस्टस’ ही उपाधी घेऊन तो रोमचा पहिला सम्राट झाला. सिनेट आणि कॉन्सलपद कायम राहिले, खरी सत्ता मात्र एकाच्या हाती गेली. सीझरचे आडनाव पुढे सत्तेची पदवी बनले. जर्मन ‘कैसर’ आणि रशियन ‘झार’ हे त्याचेच अपभ्रंश.

वेगवेगळ्या देशांनी हे नाटक कसे वाचले?

या नाटकात नायक कोण, हे प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवले. नोव्हेंबर १८६४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये बूथ घराण्यातील तीन अभिनेते भाऊ या नाटकात एकत्र आले. सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचा पुतळा उभारण्यासाठी तो मदतप्रयोग होता. त्यात मार्क अँटनी झालेल्या जॉन विल्क्स बूथने पाच महिन्यांनी, १४ एप्रिल १८६५ रोजी, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली. फरारी असताना रोजनिशीत त्याने स्वतःची तुलना ब्रूटसशी केली. ज्या कृत्याबद्दल ब्रूटसचा गौरव झाला, त्यासाठी आपल्याला का हुसकावले जाते, हे त्याला कळत नव्हते.

१९३७ मध्ये ऑर्सन वेल्सने न्यू यॉर्कमध्येच मुसोलिनीच्या काळातील फॅसिस्ट गणवेशांत हे नाटक उभे केले. तेथे सीझर थेट हुकूमशहा होता. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वतः या नाटकाचा स्वाहिली अनुवाद केला आणि तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटाच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या भारतीय वंशाच्या कैद्याकडे शेक्सपिअरच्या समग्र नाटकांची प्रत होती. पहारेकऱ्यांना धर्मग्रंथ वाटावा म्हणून तिच्यावर दिवाळीची शुभेच्छापत्रे चिकटवलेली होती. सहकैद्यांनी आपल्याला भावलेल्या उताऱ्यांशेजारी सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी सही केली ती ‘ज्युलिअस सीझर’मध्येच, मरणाची भीती बाळगण्यात अर्थ नाही असे सीझर पत्नीला सांगतो त्या जागी. वर्णद्वेषी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या कैद्याने निवडले ते ब्रूटसचे नव्हे, सीझरचे शब्द.

२०१७ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्रयोगात सीझर हुबेहूब डोनाल्ड ट्रम्प यांच्यासारखा दाखवण्यात आला. डेल्टा एअर लाइन्स आणि बँक ऑफ अमेरिका यांनी अर्थसाहाय्य काढून घेतले. आंदोलकांनी प्रयोगात घुसून घोषणा दिल्या. हे नाटक हत्येचे समर्थन करत नाही, लोकशाही वाचवण्यासाठी लोकशाहीबाह्य मार्ग वापरणाऱ्यांचे काय होते ते दाखवते, अशी नाट्यसंस्थेची बाजू होती. त्याआधी २०१२ मध्ये बराक ओबामा यांच्याशी साम्य असलेला सीझरही अमेरिकी रंगभूमीवर येऊन गेला होता. त्या वेळी एवढे वादळ उठले नव्हते.

मग लोकशाहीत निष्ठा बदलते तेव्हा वेगळे काय घडते?

नोव्हेंबर १९९० मधील ब्रिटन हे बोलके उदाहरण आहे. अकरा वर्षे पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर यांना पक्षातूनच मायकेल हेझल्टाइन यांनी आव्हान दिले. २० नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत थॅचर यांना २०४ आणि हेझल्टाइन यांना १५२ मते पडली. नियमानुसार विजयासाठी लागणारी आघाडी चार मतांनी हुकली. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळातील सहकारी एकेक करून त्यांना भेटले आणि बहुतेकांनी सांगितले की पाठिंबा आहे, पण विजय कठीण आहे. २२ नोव्हेंबरला थॅचर यांनी पायउतार होण्याचा निर्णय जाहीर केला. आठवडाभरात जॉन मेजर पंतप्रधान झाले. पहिला वार करणाऱ्या हेझल्टाइन यांना ते पद मिळाले नाही. महत्त्वाकांक्षा, दुखावलेले सहकारी, डळमळलेली निष्ठा हे सगळे रोमसारखेच होते. फरक एवढाच की मतपत्रिका, ठरलेला कोटा आणि दुसऱ्या फेरीची तारीख आधीपासून लिहिलेली होती.

भारताने निष्ठेचा प्रश्न थेट राज्यघटनेत नेला. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला दिलेली सूट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली. तरीही जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा मूळ प्रश्न तसाच समोर आला : आमदाराची निष्ठा नेत्याशी, पक्षसंघटनेशी की विधिमंडळातील बहुमताशी? दोन्ही बाजू आपणच मूळ पक्षाशी आणि त्याच्या विचाराशी प्रामाणिक असल्याचे सांगत होत्या. नाटकातही अँटनी आणि ब्रूटस दोघे रोमच्याच नावाने बोलतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी शिवसेना प्रकरणात स्पष्ट केले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. बहुमत चाचणी घेण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही न्यायालय म्हणाले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला गेला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी एकनाथ शिंदे यांचा गट हाच खरा पक्ष ठरवत कोणत्याच गटाच्या आमदारांना अपात्र केले नाही. पक्षाचे नाव आणि चिन्हाचा निर्णय त्याआधीच निवडणूक आयोगाने दिला होता. या निर्णयांवर दोन्ही बाजूंची मते टोकाची आहेत. मात्र भांडण न्यायालय, आयोग, अध्यक्ष आणि शेवटी मतदार यांच्यासमोर गेले. या यंत्रणांच्या वेगाबद्दल आणि निष्पक्षतेबद्दल वाद होतो, तो त्यांच्यावरच बरेच काही अवलंबून असल्यामुळे.

नाटकाचा शेवट काय सुचवतो?

ब्रूटसच्या मृतदेहापाशी उभा राहून अँटनी त्याचा गौरव करतो. बाकीच्यांनी मत्सरापोटी वार केले, फक्त ब्रूटसने सर्वांच्या भल्यासाठी केला, असे तो म्हणतो. हे मान्य केले तरी निष्कर्ष सुखद नाही. कटातील सर्वांत प्रामाणिक माणसाच्या हातूनही प्रजासत्ताक वाचले नाही, कारण ज्यांच्यामार्फत ते चालायचे ते ट्रिब्यून पहिल्या अंकातच गप्प झाले होते आणि त्यासाठी तेव्हा कोणी उभे राहिले नव्हते. ब्रूटसही नाही.

नाटकातील शेवटचे शब्द ऑक्टेव्हियसच्या तोंडी आहेत. विजयाचे श्रेय वाटून घेण्यासाठी तो सगळ्यांना बोलावतो.